प्रश्न तुमचे : प्रयोगाचे आकडे आणि संगणकाचे उत्तर

गेल्या काही महिन्यांत आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत. मोजमापे हाती आहेत, संगणकाने त्यांवरून उत्तरही काढून दिले आहे, पण त्या उत्तरावर किती भिस्त ठेवायची हे उमगत नाही. त्यांतील सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे बी.एस्सी.चे विद्यार्थी थायोसायनेट वापरून पाण्यातील लोहाचे प्रमाण काढतात. २, ४, ६, ८ आणि १० पीपीएमच्या (दशलक्षात तितके भाग) प्रमाण, म्हणजे ज्ञात तीव्रतेच्या, द्रावणांचे अ‍ॅब्सॉर्बन्स (द्रावणाने किती प्रकाश शोषला त्याचे माप) अनुक्रमे ०.२१, ०.४१, ०.६०, ०.७७ आणि ०.९२ आले. स्प्रेडशीटने काढलेल्या रेषेचा आर-स्क्वेअर ०.९९७ आहे. गंजलेल्या नळातून घेतलेल्या नमुन्याचा अ‍ॅब्सॉर्बन्स १.३५ आला आणि त्यावरून १४.६ पीपीएम हे उत्तर निघाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते अमान्य केले. आर-स्क्वेअर इतका उत्तम असताना हे योग्य आहे का?
— रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, सांगली

उत्तर : परीक्षकांचा निर्णय योग्य आहे, आणि त्याचे कारण तुम्ही पाठवलेल्या पाच आकड्यांतच दडलेले आहे. तुमची रेषा अशी आहे : अ‍ॅब्सॉर्बन्स = ०.०८९ × तीव्रता + ०.०४८. आता प्रत्येक द्रावणासाठी रेषेने वर्तवलेला आकडा उपकरणाने दाखवलेल्या आकड्यातून वजा करून पाहा. हे फरक क्रमाने −०.०१६, +०.००६, +०.०१८, +०.०१० आणि −०.०१८ असे येतात. दोन्ही टोकांना उणे आणि मध्ये सलग तीन अधिक. मोजमापातील चुका निव्वळ योगायोगाच्या असत्या, तर ही चिन्हे सरमिसळ पडण्याची अपेक्षा असते; ती कमानीसारखी रचली गेली, की बिंदू मुळात सरळ रेषेत नसून वक्रावर असावेत अशी शंका घ्यावी. केवळ पाच बिंदूंवरून ती शंका सिद्ध होत नाही हे खरे, पण रसायनशास्त्र तिच्या बाजूने आहे. तीव्रता वाढत गेली की प्रकाशशोषण तीव्रतेच्या प्रमाणात वाढते असे सांगणाऱ्या बिअरच्या नियमाचा सरळपणा टिकत नाही, शिवाय उपकरणात शिरणाऱ्या भटक्या प्रकाशामुळे वरची वाचने असावीत त्यापेक्षा कमी भरतात. म्हणजे १.३५ या वाचनाशी जुळणारी खरी तीव्रता १४.६ पेक्षा जास्त असण्याचाच संभव आहे. तुमचे सर्वांत तीव्र प्रमाण द्रावण १० पीपीएमचे असताना त्यापलीकडे रेषा लांबवणे म्हणजे न पाहिलेल्या प्रदेशाबद्दल साक्ष देणे होय. नमुना तीनपट विरल करावा, वाचन प्रमाण द्रावणांच्या पल्ल्यात आणावे आणि आलेले उत्तर तिनाने गुणावे.

आर-स्क्वेअरबद्दल एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. आकड्यांतील एकूण चढउतारांपैकी किती भाग रेषेने टिपला, एवढेच तो सांगतो. रेषा हा योग्य आकार आहे की नाही, यावर तो मौन पाळतो. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम्ब यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच रचून हे दाखवून दिले. चारही संचांत क्ष-मूल्यांची सरासरी ९, य-मूल्यांची सरासरी ७.५, रेषा य = ३ + ०.५ क्ष, आणि आर-स्क्वेअर सुमारे ०.६७. आलेख काढला की मात्र एक संच साधा विखुरलेला दिसतो, दुसरा स्वच्छ वक्र असतो, तिसऱ्यात एकच बहकलेला बिंदू सगळी रेषा आपल्याकडे ओढतो, आणि चौथ्यात एका बिंदूखेरीज बाकीचे सगळे एकाच उभ्या ओळीत असतात. हा धडा माहीत असूनही प्रयोगवहीत आलेखाशेजारी वरील फरकांचा छोटा आलेख काढायला लावणारी महाविद्यालये मला क्वचितच आढळली आहेत.

ज्या पद्धतीने स्प्रेडशीट ही रेषा काढते, ती लघुतम वर्गांची पद्धत फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. पुढे १८०९ मध्ये गाउस यांनी आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचे लिहिले आणि श्रेयाचा एक दीर्घ वाद सुरू झाला. पद्धतीचे मर्म असे, की प्रत्येक बिंदूच्या फरकाचा वर्ग करून त्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल अशी रेषा निवडायची. वर्गामुळे १ एककाचा फरक १ म्हणून मोजला जातो, तर १० एककांचा फरक १०० म्हणून. त्यामुळे एखादे वाचन पार चुकलेले असले तर रेषा त्याची मनधरणी करण्यासाठी बाकीच्या बिंदूंपासून दूर सरकते. शिवाय सगळी चूक उभ्या अक्षावरच्या मोजमापात आहे आणि ती सर्वत्र सारखीच आहे, असे ही पद्धत न बोलता धरून चालते. तुमच्या प्रयोगात पिपेटची चूक आडव्या अक्षावर पडते, हे लक्षात असू द्यावे. रेषा शून्यातूनच जावी असा पर्याय विद्यार्थी अनेकदा निवडतात. तसे केल्यास काही सॉफ्टवेअर आर-स्क्वेअरची व्याख्याच बदलतात आणि आकडा उगाच सुधारल्यासारखा दिसतो.

आणखी एक गोष्ट. लोह-थायोसायनेटचा लाल रंग ठेवून दिला की फिका पडू लागतो. तुमच्या विद्यार्थ्यांनी द्रावणे २ पासून १० पर्यंत चढत्या क्रमाने वाचली असतील, तर शेवटच्या द्रावणांना वाट पाहावी लागली आणि म्हणून ती फिकी भरली, असेही घडले असेल. तीव्रतेचा परिणाम आणि वेळेचा परिणाम हे दोन्ही या आकड्यांत एकजीव झाले आहेत. कोणतेही सॉफ्टवेअर त्यांना आता वेगळे करू शकणार नाही. पुढच्या वेळी द्रावणे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने वाचावीत.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून आमच्या भागातील दहा गावांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी संगणकावर भरतो. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपेक्षा (प्रमाण विचलन म्हणजे आकड्यांच्या पसरटपणाचे माप) दूर असलेला आकडा वगळावा, असे मला शिकवले होते. एके दिवशी नऊ गावांत ३० ते ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि दहाव्या गावाची नोंद २८६ मिलिमीटर आहे. ती उघडउघड चुकीची वाटते, पण तीन विचलनांच्या नियमात ती बसते! मग वगळावी की ठेवावी?
— एक ज्येष्ठ वाचक, भोर

उत्तर : नियमात ती बसली याचे नवल नाही, दहा आकड्यांत ती बसणारच होती. बहकलेला आकडा सरासरीलाही आपल्याकडे ओढतो आणि प्रमाण विचलनही फुगवतो, म्हणजे ज्या फूटपट्टीने त्याला मोजायचे तीच तो ताणून ठेवतो. गणिताने असे दाखवता येते, की एकूण 'न' इतके आकडे असतील तर त्यांतील कोणताही आकडा सरासरीपासून (न − १) ÷ √न इतक्या प्रमाण विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही. न = १० घेतल्यास ही मर्यादा २.८५ येते. तुमच्या दहाव्या गावाची नोंद २८६ ऐवजी २८,६०० असती, तरी तीन विचलनांच्या नियमाने तिला बिनबोभाट आत घेतले असते. अशा लहान संचांसाठी सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यावा आणि पसरटपणा मोजण्यासाठी प्रत्येक आकड्याचे मध्यकापासूनचे अंतर काढून त्या अंतरांचाही मध्यकच घ्यावा. निम्म्याहून कमी आकडे बिघडलेले असतील तोवर ही फूटपट्टी पार वाहवत जात नाही.

परंतु आकडा संशयास्पद ठरला म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि पावसाच्या बाबतीत तर हे विशेष जपावे लागते. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या नोंदी आठवून पाहा. २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच शहरात दक्षिणेला कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर. शेजारच्या केंद्रांशी न जुळणारी नोंद वगळण्याचा नियम त्या दिवशी डोळे मिटून चालवला असता, तर आधुनिक मुंबईच्या इतिहासातील सर्वांत मोठी एकदिवसीय वृष्टी 'उपकरणाचा दोष' म्हणून बाजूला पडली असती.

अंटार्क्टिकावरील ओझोनची गोष्टही अशीच आहे. हॅली बे येथील ब्रिटिश तळावर डॉब्सन उपकरणाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोजमापे होत होती. त्यांवरून फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांनी १९८५ मध्ये दक्षिण गोलार्धातील वसंत ऋतूत ओझोन झपाट्याने घटत असल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या निंबस-७ या उपग्रहानेही तीच घट मोजली होती, परंतु १८० डॉब्सन एककांखालील (हे ओझोनच्या प्रमाणाचे एकक) वाचनांवर त्यांच्या संगणकीय प्रणालीने 'शंकास्पद' अशी खूण केलेली होती. संगणकाने ती माहिती फेकून दिली असे अनेक ठिकाणी लिहिले जाते, ते बरोबर नाही. माहिती राखलेली होती, म्हणूनच ती पुन्हा तपासता आली आणि ओझोनच्या विवराची व्याप्ती नकाशावर मांडता आली. खूण करणे आणि पुसून टाकणे यांत किती अंतर आहे, ते यावरून दिसते.

तेव्हा तुम्ही मूळ नोंदीला हात लावू नये. शेजारी एक रकाना घालून तेथे शंकेचे कारण लिहावे. मग त्या गावी जाऊन चौकशी करावी, कारण पर्जन्यमापकाच्या चुका बहुधा ठरावीक साच्याच्या असतात. २८.६ लिहिताना दशांशचिन्ह राहून गेले असेल, जे शेजारच्या गावांच्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळते. मधले दिवस वाचन न घेता साठलेले पाणी एकदम मोजले असेल. नोंदणाऱ्याने सकाळी साडेआठचे वाचन आदल्या तारखेला लिहिले असेल. किंवा १०० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्यासाठी असलेला मोजपेला २०० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्याला वापरला असेल, ज्यामुळे पाऊस दुप्पट भरतो. पण मग त्या गावाच्या सगळ्याच नोंदी दुप्पट दिसायला हव्यात, आणि हे तपासायला संगणक उपयोगी पडेल. चौकशीतून काहीच निष्पन्न झाले नाही, तर सरासरी दोन्ही प्रकारे काढावी, तो आकडा धरून आणि सोडून, आणि दोन्ही उत्तरे छापावीत.

प्रश्न : पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ ही बेरीज ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ अशी येते. विद्यार्थी हसतात. त्यांना काय सांगू?
— संगणक शिक्षक, मडगाव

उत्तर : एक तृतीयांश ही संख्या दशांशात लिहायला सांगा. ०.३३३… कुठेतरी थांबवावी लागेल, आणि असे थांबवलेले तीन तुकडे मिळवले तर १ येणार नाही. संगणक दोनाच्या पायावर मोजतो आणि त्या पायावर एक दशांश ही संख्या अशीच न संपणारी आहे. तिच्यासाठी राखलेली जागा संपली की तो ती कापतो. साधारणपणे पंधरा-सोळा सार्थ अंकांपर्यंत उत्तर विश्वासार्ह राहते.

हसण्यासारखी बाब मात्र ती नेहमीच नसते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा चालून येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राला अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. ती यंत्रणा वेळ एक दशांश सेकंदाच्या टिकल्यांत मोजत होती आणि एक दशांश ही संख्या २४ बिटांत कापून साठवलेली होती. सुमारे १०० तास सलग चालल्यावर ही कणभर चूक साचून ०.३४ सेकंद झाली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगाव्यात : दोन अपूर्ण संख्या 'समान आहेत का' असे संगणकाला न विचारता त्यांच्यातील फरक ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे का, असे विचारावे, आणि जवळजवळ सारख्या असलेल्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी शक्यतो टाळावी, कारण तिच्यात विश्वासार्ह अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे केवळ कापाकापीचा गाळ उरतो.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. गुरुत्वीय लहरींचा संकेत उपकरणातील गोंगाटापेक्षा कितीतरी लहान असतो, असे मी वाचले. मग गोंगाटातच शोधून काढलेला संकेत खरा कशावरून? शोधणाऱ्याला हवे तेच दिसले नसेल कशावरून?
— बारावी विज्ञान शाखेचा विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : तुझ्या शंकेत दोन वेगवेगळ्या शंका आहेत. लहान संकेत दिसतो कसा ही पहिली, आणि दिसलेला भास नाही हे ठरवतात कसे ही दुसरी. दुसरी अधिक अवघड आहे.

आधी आकार लक्षात घे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी, अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील दोन वेधशाळांनी पहिला संकेत टिपला. त्या लहरीने ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत घडवलेला बदल लांबीच्या सुमारे १,०००,०००,०००,०००,०००,०००,००० व्या भागाएवढा, म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पटींनी लहान होता. जमिनीचे थरथरणे, आरशांच्या दोऱ्यांची कंपने, लेसरच्या प्रकाशकणांची अनियमितता, वीजपुरवठ्याची ६० हर्ट्झची गुणगुण (आपल्याकडे ती ५० हर्ट्झची असेल) हे सगळे त्याच नोंदीत मिसळलेले असते. म्हणून पहिली पायरी अशी, की प्रत्येक वारंवारतेला नेहमी किती गोंगाट असतो ते मोजायचे आणि ज्या वारंवारतेला तो जास्त, तिचे वजन त्या प्रमाणात कमी करायचे.

दुसरी पायरी म्हणजे साचा लावून पाहणे. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येताना कोणत्या आकाराची लहर निघेल, हे आइनस्टाइनच्या समीकरणांवरून आधीच काढता येते : वारंवारता आणि उंची दोन्ही चढत जातात आणि मग लहर एकाएकी थांबते. हा अपेक्षित आकार नोंदीवर ठेवायचा, क्षणाक्षणाची मूल्ये एकमेकांशी गुणायची, गुणाकारांची बेरीज घ्यायची, आणि साचा किंचित पुढे सरकवून हेच पुन्हा करायचे. संकेत साच्याशी जुळला तर सगळे गुणाकार अधिक चिन्हाचे येतात आणि बेरीज वाढत जाते; गोंगाटाचे गुणाकार कधी अधिक, कधी उणे असल्याने एकमेकांना खोडतात. १०,००० क्षणांची बेरीज घेतली, तर संकेताचा वाटा १०,००० पट वाढतो आणि गोंगाटाचा साधारण १०० पटच, कारण तो वर्गमुळाच्या चालीने वाढतो. जत्रेच्या गलबल्यात ओळखीच्या गाण्याची चाल सनईवर कानावर पडली की आपण ती पकडतो, अनोळखी चाल मात्र हरवून जाते. तसेच काहीसे हे आहे. कृष्णविवरांची वस्तुमाने आधी माहीत नसल्यामुळे साचा एक असून भागत नाही, आणि किती साचे, किती अंतराने मांडावेत हाच एक गणिती प्रश्न होतो. त्यावरचे पायाभूत काम १९९१ च्या सुमारास पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी केले. २०१५ च्या शोधात सुमारे अडीच लाख साचे वापरले गेले.

आता तुझी खरी शंका. अडीच लाख साचे घेऊन दिवसरात्र नोंदी चाळल्या, तर नुसत्या गोंगाटातही कधीतरी काहीतरी जुळणारच. ते किती वेळा जुळेल, हे शास्त्रज्ञांनी अंदाजाने ठरवले नाही. त्यांनी ते मोजले, आणि ज्या युक्तीने मोजले ती मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते. दोन्ही वेधशाळांमधले अंतर सुमारे ३,००० किलोमीटर आहे; प्रकाशाच्या वेगाने येणारी लहर ते जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांत ओलांडते. म्हणून एका वेधशाळेची संपूर्ण नोंद मुद्दाम याहून जास्त वेळाने पुढे सरकवायची आणि मग दोन्हींत जुळणाऱ्या घटना शोधायच्या. आता जे काही जुळेल ते खरे असूच शकत नाही, ते फक्त योगायोगाचे असणार. सरकवण्याचा वेळ पुन्हा पुन्हा बदलत गेले की सुमारे १६ दिवसांच्या नोंदींतून सुमारे ६,०८,००० वर्षांच्या निव्वळ गोंगाटाइतका नमुना तयार होतो. त्या सगळ्या बनावट काळात १४ सप्टेंबरइतकी जोरदार जुळणी एकदाही सापडली नाही. प्रत्यक्ष संकेत दोन्ही ठिकाणी सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने आला होता, म्हणजे त्या १० मिलिसेकंदांच्या आतच.

'हवे तेच दिसले' या आक्षेपाला आणखी एक उत्तर घटनाक्रमातच आहे. त्या दिवशी पहिली सूचना साचे वापरणाऱ्या शोधप्रणालीने दिलीच नाही. कोणताही आकार गृहीत न धरता दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उसळलेली ऊर्जा शोधणाऱ्या प्रणालीने ती काही मिनिटांत दिली होती. साच्यांचे सविस्तर गणित नंतर झाले, आणि त्यातून विलीन झालेल्या कृष्णविवरांची वस्तुमाने सूर्याच्या ३६ आणि २९ पट निघाली. हे आकडे जाहीर करताना प्रत्येकासोबत चार-पाच सूर्यांइतकी अनिश्चितताही दिलेली होती, हे विसरू नकोस. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तुमच्या जिल्ह्यातील वेधशाळेला मंजुरी दिली. ती सुरू झाली की इतक्या दूरच्या ठिकाणाहून मिळणाऱ्या वेळेच्या फरकामुळे संकेत आकाशाच्या कोणत्या भागातून आला, हे आजच्यापेक्षा पुष्कळ नेमकेपणाने सांगता येईल.

प्रश्न : ज्वारीच्या बियाण्यावर एका जिवाणूची प्रक्रिया करून मी ४० गुणधर्म मोजले. तिघांत ५ टक्के पातळीवर लक्षणीय फरक आला : मुळांची लांबी (पी, म्हणजे परिणाम नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने येण्याची शक्यता, = ०.०००९), पानांची संख्या (०.०३१) आणि हरितद्रव्य (०.०४४). मार्गदर्शक म्हणतात, उरलेल्या ३७ चा उल्लेख न करता या तिघांवरच शोधनिबंध लिहावा. तसे करू का?
— कृषी पदव्युत्तर विद्यार्थिनी, राहुरी

उत्तर : तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ५ टक्के पातळीचा अर्थ असा, की जिवाणूचा काहीही परिणाम नसला तरी शंभरातील पाच वेळा 'लक्षणीय' असा कौल पडेल. तुम्ही ४० वेळा कौल लावला. मग परिणाम शून्य असतानाही सरासरी दोन गुणधर्म लक्षणीय ठरणे अपेक्षितच होते. गुणधर्म एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर किमान एक तरी असा निघण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के भरते. (पिकाची उंची, पानांची संख्या आणि सुके वजन स्वतंत्र नसतात, त्यामुळे ही टक्केवारी ढोबळच धरावी.) म्हणजे तुमचे तीन निष्कर्ष निव्वळ योगायोगाच्या अपेक्षेपेक्षा फार वेगळे नाहीत, आणि ३७ गुणधर्म लपवले की वाचकाला हा हिशेब करण्याची सोयच राहत नाही.

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात एक मेलेला सॅमन मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली' आणि नेहमीच्या पद्धतीने गणित केले. हजारो ठिकाणच्या तुलना एकाच वेळी केल्यामुळे त्या मृत माशाच्या मेंदूतही काही ठिकाणे सक्रिय असल्याचे उत्तर आले. अनेक तुलनांसाठीची दुरुस्ती लावताच ती सक्रियता नाहीशी झाली.

तुमच्यासाठी सर्वांत सोपी दुरुस्ती बॉन्फेरोनी यांच्या नावाची आहे : ०.०५ ला तुलनांच्या संख्येने भागायचे. ०.०५ ÷ ४० = ०.००१२५. मुळांच्या लांबीचा ०.०००९ या कडक चाळणीतूनही पार होतो, बाकीचे दोन गळतात. ही चाळणी फारच बारीक आहे अशी तक्रार होते, म्हणून १९९५ मध्ये बेंजामिनी आणि हॉचबर्ग यांनी सुचवलेली, तुलनेने उदार पद्धतही मी तुमच्या आकड्यांना लावून पाहिली. तीतही मुळांची लांबीच टिकते. मार्गदर्शकांना हे असे सांगता येईल, की चाळीस गुणधर्मांचा पूर्ण तक्ता आणि त्यातून दुरुस्तीनंतरही टिकलेला एक निष्कर्ष, हा निबंध तीन डळमळीत निष्कर्षांच्या निबंधापेक्षा भक्कम आहे आणि परीक्षकांसमोर त्याचा बचाव करणेही सोपे जाईल. पुढच्या हंगामात केवळ मुळांची लांबी मोजायची असे आधीच लिहून ठेवून प्रयोग पुन्हा केला, तर त्या वेळी दुरुस्तीची गरजच उरणार नाही. मुळांची लांबी किती टक्क्यांनी वाढली, हे मात्र तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेले नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने पी-मूल्यापेक्षा तो आकडा महत्त्वाचा आहे.

प्रश्न : प्रयोगशाळेतील सर्व माहिती स्प्रेडशीटमध्ये ठेवण्यात धोका आहे का?
— संशोधक साहाय्यक, नागपूर

उत्तर : हिशेब लहान असेल तर नाही, परंतु स्प्रेडशीट न विचारता काय काय बदलते, ते ठाऊक असले पाहिजे. सेप्टिन गटातील एका जनुकाचे चिन्ह रोमन लिपीत 'सेप्ट २' असे लिहिले जाई. एक्सेल ते २ सप्टेंबर ही तारीख समजून बदलून टाकी. 'मार्च १' या जनुकाचीही तीच गत होई. जनुकांच्या तक्त्यांत ही चूक इतकी पसरली, की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये शेवटी या जनुकांची चिन्हेच बदलली. सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्राने माघार घ्यावी, हा प्रकार मला अजूनही पचलेला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण मधल्या टप्प्यावर एक्सेलचा जुना फाइल-प्रकार वापरला होता. त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, आणि जास्तीच्या ओळी मुकाट्याने गळून पडल्या.

उपकरणातून आलेली मूळ फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात, 'केवळ वाचनासाठी' अशी खूण करून वेगळी ठेवावी. स्प्रेडशीटमध्ये ती उघडताना नावे, नमुना क्रमांक आणि तारखा यांचे रकाने आधी 'मजकूर' म्हणून जाहीर करावेत, आणि आत घेण्यापूर्वी किती ओळी होत्या व घेतल्यावर किती आहेत, हे दोन आकडे दर वेळी वहीत टिपून ठेवावेत.